आमच्या गावात कोणीच बेकार नाही

मनुबाई सरपंच आमच्या अंगणात आल्या तेव्हा मी पपईच्या झाडाला बांबूचा टेकू देत होतो. झाडाला टेकूची गरज नव्हती. पण निवृत्त माणूस सकाळी नऊ वाजता रिकाम्या हातांनी दिसला की लोक त्याला काम सांगतात, म्हणून मी रोज असं काहीतरी करत असतो. उपयोग होत नाही.

“भाऊ, तुमी कंपनीत कागद लिवायचे ना?” मनुबाईंनी विचारलं.

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीचं हे वर्णन मला आवडलं नाही. मी रोह्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. माझ्या सहीशिवाय तिथे नटबोल्टसुद्धा हलत नसे, आणि मी लिहिलेलं एकही मागणीपत्र साहेबांनी भाषेच्या चुकीसाठी परत पाठवलेलं नाही. मंजूर फारशी झाली नाहीत, पण तो दोष भाषेचा नव्हता.

मनुबाईंनी पिशवीतून घडी घातलेलं परिपत्रक काढलं. सरपंच झाल्या तरी त्यांनी मासळी विकणं सोडलेलं नाही, त्यामुळे परिपत्रकावर दोन खवले चिकटले होते. मजकूर असा, की आपल्या तरुणांना काय शिकवलं म्हणजे रोजगार मिळेल हे गावानंच ठरवायचं आणि तसा प्रस्ताव पाठवायचा. तो पटला तर अवजारं आणि शिकवणाऱ्याचा वर्षभराचा पगार वरून येणार. मुदत एकवीस दिवसांची. त्यातले सहा दिवस परिपत्रक खारकोंडला पोचेपर्यंत गेले होते.

“काय शिकवायचं ठरवलंय?”

“इंजिनं. कैस शिकवल.”

कैस म्हणजे आमच्या ताजुद्दीनचा भाचा. आठ वर्षं बहरीनला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. या खेपेला सुट्टीवर आला आणि मामाच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात सहज म्हणून एक इंजिन उघडून बसला. तोवर आमच्याकडे बोटीचं इंजिन बिघडलं म्हणजे ते टेम्पोत घालून मुंबईला न्यायचं, आणि ते परत येईपर्यंत बोट वाळूवर आणि बोटवाला ओटीवर, असे दोघेही बसून असायचे. कैसनं दोन महिन्यांत अकरा इंजिनं चालू केली.

“त्याची सुटी जूनमदी संपते,” मनुबाई म्हणाल्या. “गेला का गेला. पोरं हायती, इंजिनं हायती, शिकिवणारा हाय. न्हाय काय, तर कागद न्हाय.”

मी “बघतो” म्हणालो. आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे नाही. पण ज्या बाईनं बोर्लीच्या बाजारात चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचा पहिला नकार ऐकूनच घेतलेला नाही, तिच्यापुढे त्याचा काय निभाव लागणार?

“मंग उद्या सकाळी बघा,” असं म्हणून त्या निघाल्या.

प्रस्ताव मी दोन दिवसांत लिहिला. चार पानं. वर शीर्षक, ‘खारकोंड येथे बोट-इंजिन दुरुस्ती प्रशिक्षण केंद्र’. इतकं सरळ मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. चूक एवढीच झाली, की मी ते ओटीवर बसून मोठ्यानं वाचून पाहिलं. कुंपणापलीकडे बाबाजी होते.

बाबाजी दहा वर्षं सरपंच होते. मागच्या निवडणुकीत मनुबाईंकडून पडले, आणि तेव्हापासून आपण गावच्या कारभाराबद्दल एक शब्दही बोलत नाही, असं ते रोज सगळ्यांना सांगतात.

“जीवन, मी बोलणार नाही,” ते म्हणाले, “पण नुसत्या इंजिनाला पैसे कोण देतो? पर्यटन टाक. काशीदला काय आहे? वाळू. आपल्याकडे वाळू नाही? पर्यटन म्हटलं की वरचे लोक पुढचं वाचत नाहीत.”

मी पर्यटन टाकलं. मग ग्रामसभा झाली. ग्रामसभेत प्रत्येकानं ‘माझी एक छोटीशी सूचना आहे’ अशी सुरुवात केली. एकानं पर्यावरण घालायला लावलं, एकीनं महिला, सुपारीवाल्यांनी सुपारी. स्मशानातली शेडही यातच बसवा, असा एका वयोवृद्धाचा आग्रह होता. ‘बर्फाच्या कारखान्याची शेड चालते तर ही का चालत नाही’, हा त्याचा मुद्दा मला शेवटपर्यंत खोडता आला नाही. स्मशान तेवढं मी बाहेर ठेवलं. संध्याकाळी कैसच्या हातात जे पडलं त्याचं शीर्षक होतं, ‘खारकोंड किनारा पर्यटनपूरक, पर्यावरणस्नेही, महिलाभिमुख, पारंपरिक मासेमारी व सुपारी संवर्धन तथा अनुषंगिक यांत्रिक कौशल्य केंद्र’.

कैसनं ते दोनदा वाचलं. “चाचा, इंजिन कुठं गेलं?”

“‘यांत्रिक’मध्ये आहे,” मी म्हटलं. माझं मलाच वाईट वाटलं.

यापुढचं काम ग्रामसेवकाचं. आमचे ग्रामसेवक गणराज हे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे तीन गावं असल्यामुळे ते नेहमी उरलेल्या दोन गावांत असतात. शुक्रवारी सापडले. संगणकासमोर बसले आणि पाच मिनिटांनी त्यांनी कपाळाला हात लावला. ग्रामपंचायतीचा पासवर्ड आधीच्या ग्रामसेवकाकडे, ते बदलून गेलेले. नवा पासवर्ड काढायचा तर ओटीपी लागणार. ओटीपी येणार ग्रामपंचायतीच्या नोंदलेल्या मोबाइलवर. आणि नोंदलेला मोबाइल बाबाजींचा!

“नंबर बदलता येईल ना?” मी विचारलं.

“येईल की. ओटीपी टाकला की लगेच बदलता येतो. मग पंचेचाळीस दिवसांत पडताळणी होते.”

मी बाबाजींकडे गेलो. “मी कारभारात पडत नाही,” ते म्हणाले, आणि चष्मा शोधायला आत गेले. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. चष्मा सापडला बाराव्या मिनिटाला. दुसऱ्या ओटीपीच्या वेळी त्यांनी आधी मला बसवलं, त्यांच्या कारकिर्दीत बांधलेल्या गटारांची माहिती दिली आणि मग आकडे सांगितले. तिसऱ्या वेळी दार उघडलं.

आत गेल्यावर कळलं की यादीत बोट नाही. व्यवसाय निवडायला चौकट होती. तिच्यात शिवणकाम, मेणबत्त्या, मधमाश्या, दुचाकी, चारचाकी, मेंदी असं सगळं होतं. समुद्राला लागून असलेल्या जिल्ह्यात बोट नव्हती. ‘इतर’ होतं, पण ‘इतर’वर बोट ठेवलं की ‘पूर्वपरवानगीचे पत्र जोडा’ असं येई. सगळ्यात जवळचं म्हणजे ‘कृषी पंप दुरुस्ती (डिझेल)’.

“लावा तेच,” कैस म्हणाला. “इंजिनाला कुठं खबर असते चाचा, आपण पाणी उपसतोय की बोट ढकलतोय?”

जागेचं काम त्या मानानं सोपं गेलं. ताजुद्दीनच्या कारखान्याला नऊ वारस, पैकी पाच परदेशात. ताजुद्दीननं एका दुपारी सगळ्यांना फोन लावले, दोघांशी भांडला, एकीजवळ रडला आणि नऊ संमतिपत्रं मिळवली. “बर्फ काय, शिकलेलं इल्म काय,” तो मला म्हणाला, “दोन्ही ठेवून दिलं तर वाया जातं.”

आता एकच कागद उरला, आणि तो मला सगळ्यात किरकोळ वाटला होता. पंचवीस बेरोजगारांची यादी. वय अठरा ते पस्तीस, त्यात निदान आठ मुली, आणि प्रत्येकानं ‘मी बेरोजगार आहे’ या छापील वाक्याखाली सही करायची.

पहिल्या घरी मी विचारलं तेव्हा मुलाची आई ताठ झाली. “आमचा पोरगा बेकार न्हाय. तो सध्या थांबलाय.”

“कशासाठी?”

“ते त्याला विचारा.” तो झोपला होता.

दुसऱ्या घरचा मुलगा वाडी बघत होता. वाडीत सोळा पोफळी होत्या आणि त्यांतल्या एकीलाही कोणी बघावं अशी अपेक्षा दिसत नव्हती. तिसऱ्याचं व्हिसाचं चाललं होतं, चार वर्षं. चौथी परीक्षेची तयारी करत होती. कोणत्या, ते घरात कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. मी बाबाजींकडेही गेलो. त्यांचा शुभम हॉटेल मॅनेजमेंट करून दीड वर्ष घरी आहे, हे मला कुंपणावरून रोज दिसतं.

“शुभम हॉटेल लाइनचं बघतोय,” बाबाजी म्हणाले. “आणि त्याच्या लग्नाचं बोलणं चाललंय. पोरीच्या बापानं ही यादी वाचली तर?”

तीन दिवस फिरलो. एकही नाव नाही. एवढी सुबत्ता मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलेली नाही. दुपारी बारा वाजता धक्क्यावर तीसेक तरुण मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेले असतात, आणि त्यांतला एकही बेकार नव्हता.

चौथ्या दिवशी जेवताना मी गावाला नावं ठेवत होतो. खोटी प्रतिष्ठा, दुसरं काय. माझी बायको केसर सोलकढी वाढता वाढता म्हणाली, “तुम्ही पहिलं नाव कोणाचं घातलंत?”

“कोणाचंच नाही. तेच तर सांगतोय.”

“आपल्या घरापासून का नाही सुरुवात केलीत?”

इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागेल. आमची मुलगी प्रणाली बी.एस्सी. आहे. महाडला एका कंपनीच्या लॅबमध्ये कंत्राटावर होती. चौदा महिन्यांपूर्वी कंत्राट संपलं. ती घरी आली तेव्हा कुंपणापलीकडून चौकशी झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की तिला घरूनच काम दिलंय. हे अगदीच खोटं नव्हतं. ती घरी होती आणि केसर तिला कामही देत होती. पण पुढे मी ते बोर्लीच्या बाजारात सांगितलं, पोस्टात सांगितलं, आणि म्हसळ्याहून एक बँकेतलं स्थळ आलं तेव्हा त्यांनाही सांगितलं.

प्रणालीनं ताटातच हात धुतला, यादी ओढली आणि पहिल्या ओळीत नाव घातलं. सही केली.

“अगं, म्हसळ्याचे लोक काय म्हणतील?” माझा आवाज चढला.

“खरं तेच म्हणतील.”

“माझ्या शब्दाची काही किंमत?”

ती रागावली नाही, हे मला जास्त लागलं. “बाबा, बाबाजीकाका कुंपणाशी आले की मी लॅपटॉप उघडून बसते. समोर काही नसतं. चौदा महिने मी नुसती बोटं चालवतेय, तुमचा शब्द राहावा म्हणून. महाडला मी दहा-दहा तास काम केलंय, पण एवढी दमले नव्हते.”

केसर ताटं उचलून आत गेली. स्टोअरमध्ये माल कमी भरला की मी खालच्या लोकांना फाडून खायचो. इथे माल कमी नव्हता, लेबल मी चुकीचं लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या पहिल्या घरी गेलो. यादी पुढे केली. मुलाच्या आईनं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आतून खुर्ची आणली.

“म्हंजे प्रणालीपन?” माणूस गेल्यावर विचारतात तशा आवाजात तिनं विचारलं.

“चौदा महिने झाले.”

तिनं आत तोंड करून हाक मारली, “ऊठ रं! ऊठ, सही कर भाऊंच्या कागदावर.”

संध्याकाळपर्यंत एकोणीस नावं झाली. कैसची बहीण जुनेरा एम.कॉम. आहे. तिनं आपली सही केली आणि यादी घेऊन मोहल्ल्यात गेली, ती सात मुलींच्या सह्या घेऊनच परत आली. आठवड्याअखेरीस एकेचाळीस नावं! व्हिसावाला होता, पोफळीवाला होता, परीक्षावाली होती. शुभम नव्हता.

माझ्या प्रतिष्ठेचं म्हणाल तर तिच्यावर गावानं उपचार सुरू केले. कोणी पेरू आणून दिले. कोणी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती कापून आणल्या. त्यांत एक सर्कशीची होती. पोस्टातल्या बाईंनी माझा हात हातात घेऊन ‘दिवस बदलतात’ असं सांगितलं. म्हसळ्याहून फोन आला, मुलाचा सध्या लग्नाचा विचार नाही म्हणून. मी ते प्रणालीला कसं सांगावं याची अर्धा तास जुळवाजुळव केली. ती म्हणाली, “बरं,” आणि कैसच्या शेडकडे गेली. ती आठवडाभर रोज जात होती. ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी, दुपारी चारपर्यंत, प्रस्ताव पाठवायचा होता. गणराज दहाला हजर झाले, मनुबाई बाजार सोडून आल्या. प्रणाली कागद जोडत होती. सगळं भरून झाल्यावर पडद्यावर ओळ आली, अंतिम सादरीकरणासाठी ओटीपी. आणि बाबाजी त्या दिवशी किहीमला, मेहुणीच्या मुलीच्या लग्नात.

फोन लागला. मागे सनई वाजत होती. पहिला ओटीपी सनईत गेला. दुसऱ्याच्या वेळी ते मांडवाबाहेर आले, पण सहा की नऊ यात घोळ झाला. तिसरा पोचलाच नाही. तीन चुकांनंतर तासभर थांबा, असं संगणकानं सांगितलं. तो तास आम्ही कसा काढला ते सांगत नाही. मनुबाईंनी तेवढ्यात गणराजना सुरमई कशी ओळखावी ते शिकवलं. दोन वाजून गेले. बाबाजी मात्र तासभर रस्त्यावर, रेंज असलेल्या एका नारळाखाली उन्हात उभेच राहिले होते. हे नंतर कळलं.

तीन वाजता फोन आला. आकडे सांगायच्या आधी ते म्हणाले, “जीवन, तिथे कोण कोण आहे?”

“सगळे आहेत.”

“जरा बाहेर ये.”

मी बाहेर आलो.

“यादी बंद झाली का रे?”

“अजून जोडायची आहे.”

तिकडे सनई थांबली होती. “आमच्या शुभमचं नाव घाल. लग्नात सगळे विचारतात, मुलगा काय करतो. सकाळपासून सात जणांना सात उत्तरं दिली मी. आता आठवं सुचत नाही.” मग घसा खाकरून ते पूर्वीच्या सरपंचाच्या आवाजात म्हणाले, “घे आकडे लिहून. पहिला चार.”

प्रणाली शुभमला आणायला घराकडे धावत निघाली. तिला लांब जावं लागलं नाही. तो ग्रामपंचायतीच्या पायरीवरच बसला होता. कधीपासून, ते आम्ही विचारलं नाही. प्रस्ताव तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात समिती पाहणीला आली. दोन कारकून आणि एक मॅडम. बाई करड्या होत्या. शेडमध्ये आल्या आणि त्यांनी फाइल उघडली. “कृषी पंप कुठे आहेत?”

मासेमारी बंदीचे दिवस, त्यामुळे शेडमध्ये नऊ बोटींची इंजिनं ओळीनं मांडलेली होती. एकाला तर पाण्यातला पंखासुद्धा तसाच होता.

“हेच आमचे भातशेतीचे पंप,” बाबाजी पुढे होऊन म्हणाले. ते कारभारात पडत नव्हते, नुसते हजर होते.

मॅडमनी पंख्याकडे पाहिलं. गणराजनी डोळे मिटले. मला वाटतं, महिन्यापूर्वीचा मी असतो तर ‘अनुषंगिक’ शब्दानं काहीतरी सुरू केलं असतं.

“मॅडम, हे पंप नाहीत,” मी म्हणालो. “बोटींची इंजिनं आहेत. तुमच्या यादीत बोट नव्हती म्हणून पंप लिहिलं. बाकीचं शीर्षकही मी गावाला विचारून फुगवलंय. आम्हाला इंजिनं शिकायची आहेत, एवढंच खरं आहे. आणि ती नावं खरी आहेत.”

मनुबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढची दोन वर्षं मला मासळी मिळणार नाही.

मॅडमनी एका इंजिनावर पेन टेकवलं. “हे चालतं?”

“हवा धरलीय त्यानं,” प्रणाली म्हणाली. कैस पुढे झाला नाही, हाताची घडी घालून उभा राहिला. तिनं पाना घेतला, डिझेलच्या नळीचा नट सैल केला, बुडबुडे जाईपर्यंत हातानं पंप दाबत राहिली, नट आवळला आणि हँडल मारलं. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं, शेडभर काळा धूर झाला आणि मॅडमच्या फाइलवर डिझेलचे चार थेंब उडाले. मॅडमनी काहीतरी लिहिलं, प्यायला पाणी मागितलं आणि गेल्या.

त्यानंतर काही नाही. दोन आठवडे गेले. कैसच्या परतीची तारीख बुधवारची होती. सोमवारी त्याची आई रेहाना आमच्या ओटीवर येऊन बसली. केसरनं चहा दिला, तो तिनं घेतला नाही. मागून कैस आला.

“चाचा, कागदाचं काय?”

‘होईल’ म्हणणं सोपं होतं. सगळं गाव तेच म्हणत होतं. पण चुकीच्या लेबलाचा मला आता धसका बसला होता. “मला माहीत नाही,” मी म्हणालो. “नाहीही होणार. तू जा, मी तुला दोष देणार नाही.”

तो पायरीवर बसला. “तिकडं मी इंजिन दुरुस्त करतो तर ते निघून जातं. कुणाचं होतं, कुठं गेलं, मालूम नसतं. इथं दुरुस्त करतो तर माणूस दुसऱ्या दिवशी मच्छी घेऊन दारात येतो.” मग आईकडे न बघता म्हणाला, “अम्मी, मी नाय जात.”

रेहाना उठून गेली. माझ्या घरी ती पुढे दोन महिने आली नाही, आणि कैस समोर आला तर काय सांगायचं, म्हणून मी शेडच्या रस्त्यानं जाणं सोडलं. बाजाराला जायचं तर खारबंदिस्तीच्या बांधावरून वळसा घालून जायचो. वाटेत चिखल असे. एकदा चप्पल रुतली ती तिथेच सोडून आलो.

पत्र ऑगस्टच्या मध्याला आलं. मंजूर. निम्मं. अवजारं मिळणार, शिकवणाऱ्याला वर्षाऐवजी नऊ महिने पगार, आणि जागा पंधरा. विषय ‘कृषी पंप दुरुस्ती’च. मनुबाईंनी पेढे आणले आणि पंचायतीत सगळे एकमेकांना भरवू लागले. मी एकटा पंधरा या आकड्याकडे बघत होतो. बेचाळीस लोकांना मी दारोदार फिरून ‘मी बेरोजगार आहे’ असं लिहायला लावलं होतं. आता त्यातल्या सत्तावीस जणांना काय सांगू, की तुम्ही उगाच लिहिलंत?

“यादीतले पहिले पंधरा घ्या,” गणराज म्हणाले. “नियमच तसा आहे.” यादीत पहिलं नाव कोणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही.

“पंधरा सकाळी,” कैस पेढा खात म्हणाला. “बाकीचे दुपारी. दुपारच्यांची हजेरी लिहू नका म्हणजे झालं.”

“पगार सकाळचाच मिळेल,” मी म्हटलं.

“चाचा, दुपारी मी झोपूनच असतो. बेकारच की.” हा शब्द गावात कोणी हसत उच्चारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या संध्याकाळी रेहानानं डबा भरून गोड सांजण्या पाठवल्या. निरोप काही नव्हता.

सप्टेंबरात केंद्र सुरू झालं. अवजारांबरोबर हजेरीचं यंत्रही आलं. सकाळी दहाला पंधराही जणांनी त्यावर अंगठा ठेवायचा, की वर कळतं. पहिले पंधरा दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या आठवड्यात गणराज, आमच्या गावचा वार नसताना, धापा टाकत आले.

“भाऊ, घोटाळा झाला. वर केंद्र बंद दिसतंय. कालपासून पंधरातले बारा जण गैरहजर आहेत!”

आम्ही शेडमध्ये गेलो. पंधराही जण होते. दुपारचा शुभमही सकाळीच येऊन गुडघ्यांवर बसून नोझल घासत होता, जुनेरा वहीत आकृती काढत होती. गणराजनी एकेकाला यंत्रापाशी नेलं. यंत्र लाल दिवा दाखवून ‘अंगठा ओळखता येत नाही’ असं म्हणत होतं. साबणानं धुतले, रॉकेलनं पुसले, रांगोळीनं घासले. काळेपणा गेला, पण अंगठ्यांवरच्या रेघाच पुसट झाल्या होत्या.

“आमचं रेशन दुकानात रोजचंच हाय,” मनुबाई म्हणाल्या. त्यांनी आपला अंगठा यंत्रावर ठेवून पाहिला. लाल. “कोळणीचा अंगठा सरकारला कधीच दिसला न्हाय.”

“तीन दिवस गैरहजर दिसले की निधी थांबतो,” गणराज म्हणाले. “पत्र लिहायला हवं. आजच.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबाजी कुठूनसे येऊन दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि बहुधा पहिल्यांदाच, काही न सुचवता मिटलं.

मी तिथेच एका उलट्या खोक्यावर बसून लिहिलं. ‘महोदय, खारकोंड केंद्रातील सर्व प्रशिक्षणार्थी रोज हजर असतात. त्यांचे अंगठे यंत्रावर उमटत नाहीत, कारण ते काम करतात. कृपया हजेरी वहीत घेण्यास परवानगी द्यावी.’ खाली मनुबाईंची सही घेतली. एकतीस वर्षांत इतकं लहान पत्र मी लिहिलं नव्हतं.

प्रणाली तोवर पुन्हा इंजिनाला लागली होती; तिनं ते वाचायला हातात घेतलं आणि परत दिलं. समासात तिचा अंगठा उमटला होता. काळा, रुंद, एकही रेघ नसलेला. गणराज म्हणाले, दुसऱ्या कागदावर लिहून देता का?

मी नाही म्हणालो. मग पाकीट बंद केलं.